चौक लिहायचा असतो

कार्यानुभवाच्या तासाला मी फळ्यावर वारली चित्र काढून दिलं होतं. त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस, काडीचे हातपाय, मध्ये तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घेतलेला तारपावाला आणि त्याच्याभोवती हात गुंफून नाचणाऱ्यांचा गोल. पुस्तकात असतं तसंच. मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर ते उतरवून घेतलं. ज्यांच्याकडे स्केचपेन होते त्यांनी रंगवलंही. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर चौथीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, आजी बोलली, तू गोल मिटवलास. तो मिटवायचा नसतो. मिटवला तर पुढचा नाचणारा जाईल कुठं?"

मी फळ्याकडे बघितलं. चित्र अजून पुसलेलं नव्हतं. गोल खरंच बंद होता.

मी मूळची सोलापूरकडची. आमची शाळा पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर. दोनशिक्षकी, पहिली ते पाचवी. त्या वर्षी पटावर छत्तीस मुलं होती आणि छत्तीसही वारली. जिव्या सोमा मशे यांचं गंजाड याच तालुक्यातलं. लग्नघरातली ही चित्रं त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली, ती देशोदेशी नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे सगळं मी दरवर्षी परिपाठात सांगत असे. पण सहा वर्षांत एकाही मुलाच्या घरी जाऊन भिंत बघितली नव्हती. गृहभेटी केल्या होत्या, त्या गैरहजेरीसाठी. ओट्यावर उभं राहून, दोन वाक्यं बोलून मी परत फिरायचे.

त्या संध्याकाळी मुलीबरोबर तिच्या घरी गेले. आजी कुडाला टेकून झाडूची पातं सोलत बसली होती. आत, अंधाऱ्या भिंतीवर, धाकट्या मुलाच्या लग्नातला चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते चित्र, होता. धुराने काळवंडलेला, खालचा भाग पोपडे येऊन गेलेला, पण मधली पालघट देवी आणि तिच्याभोवतीची नक्षीची चौकट ओळखू येत होती. मी विचारलं, "हा तुम्ही काढलात?"

"काढतात ते पाणी, विहिरीतून," आजी म्हणाली. "चौक लिहायचा असतो. मी लिहिला."

रेशनच्या कागदावर ही बाई अंगठा उमटवते, हे मला माहीत होतं. शाळेच्या रजिस्टरमध्ये तिच्या नातीच्या नावापुढेही तिचाच अंगठा होता. आणि ती सहजपणे, काही विशेष सांगत नसल्यासारखं, 'मी लिहिला' म्हणाली. मग तिने सांगितलं की चौक सवाष्णींनीच लिहायचा. भिंत शेणाने आणि गेरूने सारवायची, तांदूळ वाटून पीठ करायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की ती बाहारी झाली. बायका लिहीत असतात तेव्हा धवलेरी गाणी म्हणत असते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, हेही मला तेव्हाच कळलं. वारल्यांकडे लग्नाचे विधी बाई करते, आणि चौक झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही.

रात्री खोलीवर येऊन मी बराच वेळ जागी होते. माझी मुलं 'निरक्षर कुटुंबातली' आहेत असं मी कितीतरी अहवालांत लिहिलं होतं.

केंद्रप्रमुखांना मी म्हटलं, शनिवारचे दोन तास मला पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी द्या. त्यांनी हरकत घेतली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचं म्हटलं आहे, आदिवासी ज्ञानाचाही उल्लेख आहे, तेव्हा कागदावर बसवायला अडचण नव्हती. अडचण माझ्या डोक्यातल्या कल्पनेत होती. शाळेत सतरंजी अंथरली, पुढे खुर्च्या मांडल्या, ग्रामपंचायतीचा माईक आणला, गुलाबाची फुलं आणली. सात म्हातारी माणसं आली. पुरुषांनी धुतलेले सदरे घातले होते, बायकांनी ठेवणीतली लुगडी. खुर्चीवर सगळी टोकाला बसली, पाठ न टेकता. माईक एकेकाच्या हातात गेला आणि प्रत्येकाने जवळजवळ एकच सांगितलं: पोरांनो शिका, बाईंचं ऐका, मोठं व्हा. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. चहा पिऊन ती माणसं निघून गेली. मुलं टाळ्या वाजवत होती, आणि मला मात्र काहीतरी हातातून सांडल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी मी मुलांना मुलाखतीची प्रश्नावली दिली, पाठ्यपुस्तकातल्या नमुन्यावरून केलेली. गटागटाने घरोघरी पाठवलं. एका गटाबरोबर मीही गेले. पाचवीतल्या मुलाने आपल्याच आजोबांसमोर वही उघडून पहिला प्रश्न वाचला, "आपले पूर्ण नाव काय?" आजोबा हसले, नाव सांगितलं. दुसरा प्रश्न होता, "आपले शिक्षण किती झाले आहे?" आजोबांचं हसू विरलं. "नाय झाला," म्हणाले, आणि त्यानंतर एकाही प्रश्नाला त्यांनी धड उत्तर दिलं नाही. मुलाला कळेना काय झालं. मला कळलं. तो प्रश्न मी लिहिला होता. त्या माणसाला शंभरेक झाडं पानावरून, सालीवरून आणि अंधारात वासावरून ओळखता येतात, आणि मी त्याच्या नातवाच्या तोंडून त्याला त्याची उणीव विचारली होती. आजही ती वही माझ्याकडे आहे. त्या पानावर पुढे सगळं कोरं आहे.

मी पुन्हा चौकवाल्या आजीकडे गेले आणि जे झालं ते सांगितलं. पाड्यावर अहोजाहो नसतं. ती मला तूच म्हणायची. म्हणाली, "तू येतेस आणि विचारतेस. आधी बस. हाताला काम घे. बोलणं येतं मागून."

ते पावसाळ्याचे सुरुवातीचे दिवस होते. पहिल्या सरी पडून गेल्या होत्या आणि रानात शेवळं, ही पावसाळी रानभाजी, वर आली होती. पुढच्या शनिवारी आम्ही वही-पेन घेतलंच नाही. मुलं आणि मी आजीच्या ओट्यावर शेवळं निवडायला बसलो. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, नाहीतर घशाला खाजतं. भाजी शिजवताना काकडाची आंबट फळं घालायची, तीही त्याच खाजेवर उतारा म्हणून. काकड म्हणजे आपली काकडी नव्हे, ते जंगलातलं झाड आहे. हे सगळं निवडता निवडता निघत गेलं. मग कुणीतरी कडूकंदाचं नाव काढलं, आणि तिथे आजी थांबली.

कडूकंद इतका कडू की तोंडात धरवत नाही. त्याच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओहळात ठेवायच्या, मग खायच्या. आजीने कृती सांगितली आणि त्याच दमात सांगितलं की तिच्या लहानपणी पावसाळ्याच्या मध्यावर घरातलं धान्य संपायचं. सावकाराकडून आणायचं तर दुपटीने परत द्यायचं. तेव्हा आईबरोबर रानात जाऊन कंद खणायचे. एका रात्री ओहळाला पूर आला आणि टोपली वाहून गेली. सकाळी आई ओहळाच्या काठाने चालत चालत पार खालच्या पाड्यापर्यंत गेली, टोपली सापडते का बघत. आजी तिच्या मागून धावत होती. टोपली सापडली, मोकळी. "आय तिथंच बसली," आजी म्हणाली आणि पुन्हा शेवळं निवडायला लागली.

मुलांपैकी कुणीच बोललं नाही. जिने मला गोल मिटवल्याचं सांगितलं होतं ती नात आजीच्या जवळ सरकून बसली. ही गोष्ट तिनेही पहिल्यांदाच ऐकली होती.

त्या दिवसापासून आमच्या शनिवारांना घाट मिळाला. हातात काम असलं पाहिजे, हा पहिला नियम. आवण म्हणजे भाताची रोपं खणताना, इरल्याला पळसाची पानं बसवताना, पहिल्या पावसात चढणारे वलगणीचे मासे धरायची खोईन विणताना, झाडू बांधताना. म्हातारी माणसं समोरासमोर बसून सांगत नाहीत. नजर कामावर असते, आणि गोष्ट बाजूने येते. मध्ये खंड पडला की तो भरायचा नाही, हे मला फार अवघड गेलं. शिक्षकाला शांतता म्हणजे उत्तर येत नाही असं वाटतं. तिथे शांतता गोष्टीचाच भाग होती. मुलांना ते सांगावं लागलं नाही, ती आपोआप थांबायची.

दुसरा नियम मला माझ्या चुकीतून कळला. एका शनिवारी धवलेरी आजी आमच्यात बसली होती. मुलींनी हट्ट केला म्हणून तिने लग्नगीताच्या चार ओळी अगदी हळू, गुणगुणल्यासारख्या म्हटल्या. मी फोनवर रेकॉर्ड केल्या. विचारलं नव्हतं. रात्री त्या शिक्षकांच्या गटावर पाठवल्या, इतक्या सुंदर होत्या म्हणूनच. तिसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या पाड्यावरच्या कुणाच्या तरी फोनवरून फिरत तिच्याच मुलापर्यंत पोचल्या. पुढच्या शनिवारी धवलेरी आजी आली नाही. त्याच्या पुढच्याही.

मी तिच्या घरी गेले. ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट होतं. तिने मला समजावलं की ते गाणं लग्नात म्हणायचं. चौक समोर असतो, देव बोलावलेले असतात, नवरानवरी बसलेली असतात, तेव्हा त्याला जागा असते. पोरींनी मागितलं म्हणून तिने थोडं ऐकवलं, कारण त्या तिच्या आहेत, उद्या त्यांच्याच लग्नात ते म्हटलं जाणार आहे. मोबाईलमध्ये ते कुणासाठी म्हटलं? मी माफी मागितली, गटावरून काढून टाकलं, ज्यांनी पुढे पाठवलं होतं त्यांना एकेकाला फोन केले. सगळीकडून निघालं असेल याची मला खात्री नाही. दीड महिन्याने ती पुन्हा येऊन बसली. त्या दिवशी मुलांनी स्वतःहून माझा फोन कपाटात ठेवला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

तेव्हापासून आम्ही विचारायला लागलो: हे लिहू का? कधी हो यायचं, कधी 'हे लिही, ते नको', कधी 'आता नको, भात झाल्यावर'. भाजी, झाडं, मासे, जुने दिवस, वाटा, शेतांची नावं, कोडी, लिहायला मोकळी. देवांच्या गोष्टींना त्यांचा काळ होता. हिरवा, हिमाय, नारनदेव यांची नावं मुलं रोज ऐकतात, पण त्यांच्याविषयी कुणी कुठे काय सांगायचं हे ठरलेलं आहे. वाघाच्या गोष्टी वाघबारशीच्या सुमाराला. कणसरीची कथा तर भगतानेच, म्हणजे देवाचं करणाऱ्या माणसाने, घांगळी हे वाद्य वाजवत, धान्य घरात येताना सांगायची. कणसरी म्हणजे धान्याची देवी. मुलं विचारत राहिली आणि घांगळीवाले आजोबा दर वेळी एकच म्हणाले, "भात होऊ दे."

वहीचं सांगायला हवं, कारण शाळा म्हणून आमचं खरं काम तिथे झालं. मोठ्या आकाराची कोरी पानं दोऱ्याने शिवून मुलांनी वही केली. लिहायला बसल्यावर पहिल्याच ओळीला अडलो. आजी जसं बोलली तसं लिहायचं की पुस्तकातल्या मराठीत? मी मनात प्रमाण मराठीच धरली होती. एक मुलगा म्हणाला, "मग ती आजी नाय वाटत." त्याचं बरोबर होतं. मग त्यांच्या बोलीत लिहायचं ठरलं, आणि लगेच वाद सुरू झाले. हा स्वर ऱ्हस्व की दीर्घ, हा शब्द तोडायचा की जोडायचा, वरच्या पाड्यावर असं म्हणतात आणि खालच्या पाड्यावर तसं. मुलं वाद मिटवायला धावत घरी जायची, आजीला तो शब्द पुन्हा म्हणायला लावायची आणि ऐकून परत यायची. मी सहा वर्षं शुद्धलेखन शिकवलं, पण अक्षर आणि आवाज यांचं नातं इतक्या जिवाने शोधताना मुलांना पाहिलं नव्हतं.

त्यांच्यात एक मुलगा होता. चौथीत येऊनही अडखळत वाचणारा. जोडाक्षर आलं की थांबायचा, आणि थांबला की त्या दिवसापुरता मिटून जायचा. वहीत त्याच्या आजोबांची गोष्ट आली, खेकडे धरायला रात्री टेंभा घेऊन जाण्याची. ती वाचायला तो स्वतःहून उठला. दोन ठिकाणी अडला, पण शब्द त्याच्या ओळखीचा होता, म्हणून अक्षराने दगा दिला तरी अर्थाने हात दिला. तो शेवटपर्यंत गेला. मी त्याच्या वाचनाची पातळी किती वाढली हे कागदावर दाखवू शकत नाही. तो मिटला नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

ज्यांना 'शिक्षण किती' विचारून मी गप्प केलं होतं, ते आजोबा श्रावणात बोलले. बाहेर धो धो पाऊस होता, आम्ही त्यांच्या पडवीत दोऱ्या वळत होतो. कुणीतरी लग्नाच्या कर्जाचं काही बोललं, आणि ते म्हणाले, माझा बा लग्नगडी होता. मुलांना शब्द माहीत नव्हता. मला वाचून माहीत होता. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवऱ्याने, बायकोने, कधी पुढच्या पिढीनेही त्याच्याकडे राबायचं. फिटायचं कधीच नाही, कारण हिशोब ठेवणारा तोच. आजोबांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं, की मग लाल बावट्याच्या सभा झाल्या, गोदाराणी आली. गोदाराणी म्हणजे किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तारीख मी नंतर मुलांना सांगितली. आजोबांच्या सांगण्यात तारीख नव्हती. त्यांच्या सांगण्यात एवढं होतं की बा त्यानंतर सावकाराच्या अंगणात गेला तेव्हा पहिल्यांदा ताठ उभा राहून बोलला, आणि घरी आल्यावर त्याचे पाय थरथरत होते.

नातवाने दोरी वळायची थांबवून विचारलं, "मग तू?" आजोबा म्हणाले, "मी त्या पायांचा पोरगा."

हे वाक्य वहीत आहे. आजोबांनी 'लिही' म्हटलं होतं.

त्याच आजोबांमुळे आम्ही शेतांकडे वळलो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली जमिनीचा दावा करताना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथे राहतो, कसतो, हे दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे कागद कधी आलाच नाही त्यांनी काय दाखवायचं? कायद्याच्या नियमांत याचा विचार आहे. पुराव्यांच्या यादीत, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन हाही एक पुरावा धरला आहे. आजोबांनी शेजाऱ्यांच्या दाव्यांसाठी अशी निवेदनं दिली होती. कुठला बांध कुणी घातला, कुठलं झाड कुणाच्या हद्दीवर, कुणाची आई कुठे पुरली आहे. मला हे कळलं तेव्हा मी वर्गात मुलांना उभं करून सांगितलं, की तुमच्या आजोबांचं बोलणं देशाच्या कायद्यात पुरावा आहे. ज्याने ती कोरी प्रश्नावली वाचली होती तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला.

मग आम्ही नकाशा केला. आजोबा पुढे, मुलं मागे, मी सगळ्यात शेवटी. प्रत्येक शेताला नाव निघालं. प्रत्येक वळणाला, पाणवठ्याला, मोठ्या मोहाला. सातबाऱ्यावर यातलं एकही नाव नाही. दोन शनिवार चालूनही अर्धाच पाडा झाला.

आणि मग दिवाळी आली. हा भाग मी टाळला तर सांगणं खोटं होईल. भात कापून झालं की पाड्यावरची निम्मी घरं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, काही रेतीवर. लहान मुलं आईबापांबरोबर जातात. शाळेच्या पटावर नाव राहतं, बाकावर जागा रिकामी होते. शनिवारांमुळे हे थांबलं असं मी म्हणणार नाही. थांबलं नाही, ते थांबवणं गोष्टींच्या हातात नाही. त्या वर्षीही चौदा मुलं गेली. जी मागे राहिली ती आजीआजोबांजवळ राहिली, आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेलं मला तेव्हा नीट दिसलं: वर्षातले सहा महिने या मुलांना वाढवतात ती हीच माणसं. पालकसभेला कुणी येत नाही म्हणून मी कुरकुरत होते, आणि पालक रोज ओट्यावर बसलेले होते. त्या वर्षापासून डिसेंबर ते मे या काळातली पालकसभा म्हाताऱ्यांची असते. ती ओट्यावर होते.

निघण्याआधी जाणाऱ्या मुलांपैकी दोघींनी वहीतली त्यांच्या आजीची पानं उतरवून नेली. भट्टीवर संध्याकाळी वाचणार म्हणाल्या. चौकवाल्या आजीने नातीच्या पिशवीत तांदळाची पुरचुंडी बांधून दिली. "पीठ वाटायला," म्हणाली. चौक तिला अजून लिहिता येणार नाही, तिचं लग्न व्हायचं आहे. पण बाहारी कशी चावायची, पीठ किती पातळ ठेवायचं, झाडं आणि माणसं कशी लिहायची, हे शिकायला कुणाची ना नाही. भट्टीवरच्या झोपडीची भिंत कच्च्या विटांची असते, तिच्यावर पांढरं छान उमटतं असं नातीने परत आल्यावर सांगितलं.

पण त्याआधी, माणसं बाहेर पडायच्या आधीच्या आठवड्यात, घांगळीवाल्या आजोबांनी निरोप पाठवला. भात झोडून झालं होतं. रात्री जेवून खळ्यावर या.

खळं सारवलेलं होतं. मध्ये भाताची रास, तिच्यापाशी दिवा. थंडी होती, मुलं गोधड्यांत एकमेकांना चिकटून बसली होती. आयाबाया होत्या, धवलेरी आजी होती, निघायच्या तयारीतले बाप होते. आजोबांनी घांगळी मांडीवर घेतली. बांबूची दांडी, तिला वाळलेले भोपळे, तारा. एवढ्याशा वाद्यातून इतका खोल आवाज येतो की तो छातीत ऐकू येतो. धरतरी, गावतरी, कणसरी अशी नावं आली आणि मग ते सांगत, गात, पुन्हा सांगत राहिले. मला निम्मंअधिक कळलं नाही. शेजारची मुलगी कानात अर्थ सांगायची, मग तीही सांगायची विसरून गेली आणि मी विचारलं नाही. रात्र किती झाली कुणी पाहिलं नाही. एका ठिकाणी आजोबांनी सूर तसाच धरून ठेवला आणि शब्द थांबवले. मला वाटलं दम लागला. ते मुलांकडे बघत होते. गोधडीतून त्या अडखळत वाचणाऱ्या मुलाचा आवाज आला. त्याने पुढची ओळ म्हटली. त्याला ती कुठून येत होती, घरी कधी ऐकली होती, मला ठाऊक नाही. आजोबांनी मान हलवली आणि तिथून पुढे घेतलं.

त्या रात्रीबद्दल वहीत एकच नोंद आहे. पाचवीतल्या मुलाने, त्या कोऱ्या प्रश्नावलीवाल्याने, दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात लिहिलेली: "कणसरीची कथा आम्ही ऐकली. ती इथे लिहायची नाही. भात झाल्यावर खळ्यावर यायचं."